कोनशिलेवर कोणाचं नाव?

 

आयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा: बांधकामाच्या धंद्यातलं कौशल्य, चारित्र्य आणि नेतृत्व. खरं सांगायचं तर विषय ऐकून आम्ही जरा बिचकलो. हे तीन शब्द एका ओळीत आले की पुढचं भाषण आपोआप तयार होतं. जुने कारागीर किती निष्ठावान होते, देवाचं काम समजून दगड घडवायचे, नावाची हाव नव्हती. आता मात्र सगळा पैशाचा कारभार, मिस्त्री दोन वाजताच घड्याळ बघतो, वगैरे. टाळ्या मिळतात. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांचं घराचं काम कुठे ना कुठे रखडलेलं असतं, त्यामुळे त्यांना ते पटतंही. आम्ही ते भाषण करणार नाही. त्या भाषणाचीच आज थोडी समीक्षा करायची आहे.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. सिव्हिल लाइन्समधली हायकोर्टाची इमारत तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. 9 जानेवारी 1937 ला तिची कोनशिला बसली, गव्हर्नर सर हाइड गोवन यांच्या हस्ते. 6 जानेवारी 1940 ला व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी उद्घाटन केलं. वास्तुकार हेन्री मेड. हा माणूस नवी दिल्ली उभी राहत असताना तिथे काम केलेला. तिथली दोन मोठी चर्चेस त्याच्या नावावर आहेत. इमारत 400 फूट बाय 230 फूट, मधला घुमट जमिनीपासून 109 फूट. अंदाजपत्रकी खर्च 7,37,746 रुपये. या इमारतीला त्या काळी 'पाषाणातलं काव्य' म्हटलं गेलं, आणि आजही तिच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण ते शब्द वापरतोच.

आता जरा थांबून बघा. खर्चाच्या आकड्यात शेवटचे सहा रुपयेसुद्धा आहेत. गव्हर्नर आहे, व्हाइसरॉय आहे, वास्तुकार आहे, तारीख आहे. या इमारतीची जी माहिती वर्षानुवर्षं छापली जाते तिच्यात एकाही घडईवाल्याचं, एकाही गवंड्याचं, सेंट्रिंग बांधणाऱ्या एकाही सुताराचं नाव नाही. काव्य आहे म्हणता, तर हातानं ते लिहिणारा कोण? मेडनं कागदावर रेघ मारली, हे मान्यच. पण त्या घुमटाची गोलाई कागदावर उभी राहत नाही. ती उभी राहते कोणीतरी मध्यावर खुंटी ठोकून, दोरी धरून, थरामागून थर फिरवत नेल्यावर. इतक्या वर्षांत त्या माणसाबद्दल आपल्याला साधं कुतूहलही वाटलं नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तशीच रीत आहे. भारतीय कारागीर नाव लावत नाही, अनामिकता हीच आपली परंपरा. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की ते खरंच वाटतं. आम्हालाही बरीच वर्षं वाटत होतं. ते खरं नाही, आणि याचा पुरावा आपल्याच राज्यात दगडावर कोरलेला आहे.

कर्जतजवळ कोंडाण्याची लेणी आहेत. चैत्याच्या दर्शनी भागात एका यक्षाचा फुटका मुखवटा उरलाय आणि त्याच्या शेजारी ब्राह्मीत एक ओळ. तिचा अर्थ: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. कन्नडच्या डोंगरात पितळखोरे आहे. तिथे सापडलेल्या यक्षाच्या हातावर लिहिलंय की हा कण्हदास नावाच्या सोनाराने घडवला. काल्र्याला चैत्याच्या दाराशी धेनुकाकटच्या एका सुताराचं नाव आहे, सामि, वेणुवासाचा मुलगा. दार त्यानं केलं असं तो सांगतो, बापाच्या नावासकट. ही सगळी सुमारे 2000 वर्षांपूर्वीची मंडळी. सोनार, सुतार, पाथरवट. कोणी महाराज नाही, सेनापती नाही. आणि तरी दगडावर नाव.

यातली कोंडाण्याची ओळ आम्हाला सर्वांत जास्त आवडते, त्यामुळे तिच्यापाशी जरा रेंगाळू द्या. बलकानं नुसतं 'मी केलं' असं लिहिलेलं नाही. आधी गुरूचं नाव, मग स्वतःचं. आता हा कण्ह कोण होता? नेता होता का? आजच्या भाषेत त्याला 'लीडर' म्हणता येईल का? त्यानं कुठे भाषण केल्याचा पुरावा नाही. त्याच्या नेतृत्वाचा उरलेला एकमेव दाखला म्हणजे त्याच्या हाताखालच्या माणसाला काम आलं, आणि काम झाल्यावर त्या माणसाला त्याची आठवण झाली. नेतृत्व मोजायचं असेल तर हे माप आम्हाला आजच्या कुठल्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. तुमच्या हाताखाली पाच वर्षं घमेलं उचललेल्या पोराला पाच वर्षांनी थापी धरता येते का? येत नसेल तर तुम्ही मुकादम असाल, ठेकेदार असाल, पैसेवाले असाल. कण्ह नाही.

मग ही नावं गेली कुठे? एका दिवसात गेली नाहीत. वेरूळचं कैलास घ्या. राष्ट्रकूटांचा एक ताम्रपट आहे, बडोद्याला सापडलेला, साधारण 812 सालचा. त्यात लिहिलंय की हे मंदिर करणारा शिल्पी स्वतःच चकित झाला, हे आपल्याकडून झालं तरी कसं, असं त्याला वाटलं. किती सुंदर नोंद आहे! कारागिराचं आश्चर्य नोंदवलं. राजाचं नाव नोंदवलं. कारागिराचं नाव मात्र राहिलं. पुढे लोकांनी कथेत ती जागा भरून काढली. राणीला कळस दिसेपर्यंत अन्न घ्यायचं नव्हतं, म्हणून कोकास नावाच्या शिल्पीनं वरून खाली मंदिर कोरत आणलं, अशी ती कथा. लोकांना नाव हवं असतं मंडळी. दरबाराला नको असतं.

आणि सगळ्यात मोठी गंमत 'हेमाडपंती'ची. आपल्या विदर्भात तर प्रत्येक तालुक्यात काळ्या दगडाचं एक पडकं देऊळ असतंच, आणि विचारलं की उत्तर एकच: हेमाडपंती आहे जी. हेमाद्रि हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. मोठा विद्वान, कारभारी. पण अंबरनाथच्या देवळावर शक 982 चा, म्हणजे 1060 चा लेख आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा! तरी तेही हेमाडपंतीच. चुना न लावता दगडात दगड अडकवून भिंत उभी करायची युक्ती कुठल्यातरी पाथरवटांच्या पिढ्यांनी बसवली, आणि नाव लागलं सचिवालयातल्या माणसाचं. हे म्हणजे समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटला प्रधान सचिवाचं नाव देण्यासारखं झालं. (हशा) हसू नका, देतीलही.

रायगडाची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि ती नीट वाचली जात नाही असं आमचं म्हणणं आहे. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजीचं नाव आहे, सेवेत तत्पर असलेला हिरोजी अशा अर्थाचं. त्यावरून आपण सांगतो ती गोष्ट अशी: हिरोजीनं गड बांधला, पैसे कमी पडले तर स्वतःचं घरदार विकलं, आणि महाराजांनी काय हवं विचारलं तेव्हा फक्त पायरीचा दगड मागितला, राजाच्या पायाची धूळ पडावी म्हणून. डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट. पुतळे, भाषणं, व्हॉट्सॲप, सगळीकडे ती फिरते. पण त्याच देवळाच्या दारालगत एक संस्कृत शिलालेखही आहे, आणि तिथे हिरोजीचं नाव पुन्हा आहे. तिथे तो पायाशी बसलेला नाही. तिथे कामांची चक्क यादी आहे: विहिरी, तळी, बागा, रस्ते, खांब, गजशाळा, राजगृहं. म्हणजे आजच्या भाषेत कम्प्लीशन रिपोर्ट. या माणसानं राजाच्या देवळात दोन ठिकाणी आपली सही ठेवली आणि राजानं ती ठेवू दिली. आपण मात्र एकच सही लक्षात ठेवली, नम्रतेची. दुसरी, हिशेबाची, विसरलो. आमची तक्रार इतकीच आहे की कारागिराचं कौतुक करताना आपल्याला त्याची मान खाली असलेलीच बरी वाटते.

आता इथून आम्ही ज्या गोष्टीकडे येतोय ती पुस्तकातली नाही. आमच्या स्वतःच्या घराची आहे, आणि तिच्यात आमची बाजू काही फार चांगली नाही.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही नागपूरच्या दक्षिणेकडच्या एका वस्तीत घरावर मजला चढवत होतो. ठेकेदार एक होता, त्याचं नाव सांगायचं कारण नाही. त्याच्याकडे छत्तीसगडकडचा एक मिस्त्री होता, पण इथे इतकी वर्षं राहिलेला की बोलणं अस्सल नागपुरी. स्लॅब टाकायचा दिवस ठरला. मिक्सर आला, रेती-गिट्टी पडलेली, ठिय्यावरून चौदा माणसं आणलेली. आदल्या रात्री पाऊस झाला होता. सकाळी आठला मिस्त्री खाली सेंट्रिंगच्या आत शिरला, एकेक बल्ली हातानं हलवून पाहिली, बाहेर आला आणि विटांच्या चट्टीवर बसला. म्हणाला, "साहेब, आज स्लॅब टाकू नका. बल्ल्या हलून राहिल्या."

ठेकेदार भडकला. मिक्सरचं भाडं, चौदा माणसांची हजेरी, कोण देणार? तो म्हणाला, पाचरी ठोकून घे आणि चालू कर. मिस्त्री म्हणाला, "पाचर मारून काय होते जी, खालची माती बसून राहिली." मग ठेकेदारानं आमच्याकडे पाहिलं. आणि आम्ही, मंडळी, बांधकामाचं शास्त्र शिकलेले आम्ही, ठेकेदाराच्या बाजूनं बोललो. बघ ना बाबा, करून घे काहीतरी. कारण मुहूर्त काढला होता, पाहुणे यायचे होते, आणि वरून आभाळ भरत होतं.

मिस्त्री उठला नाही. दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी बल्ल्या काढल्या तेव्हा दिसलं ते असं: अर्ध्या बल्ल्यांखाली लाकडाची पाटलीच नव्हती. त्या थेट भरावावर उभ्या होत्या, आणि भराव म्हणजे आपली काळी माती. नागपूरकरांना ही माती सांगायला नको. कोरडी असली की भेगा, ओली झाली की लोणी. आमचा स्लॅब साधारण चारशे चौरस फुटांचा, पाच इंची. ओल्या काँक्रीटला स्वतःची ताकद काहीच नसते, आणि एका घनमीटरचं वजन सळईसकट अडीच टन. हिशेब करा: साडेअकरा टनांच्या आसपास वजन, वर काम करणारी दहा-बारा माणसं, खाली लोणी. आत दोन पोरं सळईची तारबांधणी करत बसायची.

हा प्रसंग आम्ही कित्येक वर्षं चारित्र्याची गोष्ट म्हणून सांगत आलो. विद्यार्थ्यांना सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. बघा, निरक्षर माणूस पण किती ताठ! मग खूप वर्षांनी तो मिस्त्री आम्हाला दुसऱ्या एका साइटवर भेटला. चहा घेतला. आम्ही म्हटलं, त्या दिवशी तुम्ही फार हिंमत दाखवली. तो हसला आणि म्हणाला, "हिंमत कसली जी. त्या हप्त्यात माझ्याकडं दुसरं काम होतं, म्हणून बोललो. नसतं तर टाकला असता स्लॅब."

या एका वाक्यानं आमची गोष्ट मोडली. आणि बरं झालं मोडली.

कारण कौशल्य त्याच्याकडे रोज होतं. बल्ली हलवून माती ओळखायचं ज्ञान सोमवारीही होतं आणि मंगळवारीही. ते ज्ञान तोंडातून बाहेर पडायला मात्र दुसऱ्या कामाची हमी लागली. आपण ज्याला कारागिराचं चारित्र्य म्हणतो त्यातला मोठा भाग म्हणजे 'नाही' म्हणण्याची ऐपत असते. तेव्हा तो खोटा ठरतो का? अजिबात नाही. खोटे ठरतो आपण, जे ती ऐपत त्याला देत नाही आणि वर त्याच्या स्वभावावर व्याख्यान देतो. त्या ठेकेदारानं त्याला पुन्हा बोलावलं नाही, हेही त्याच चहावर कळलं. तेव्हा आम्ही विचारलं नव्हतं.

रस्किननं 1853 मध्ये गॉथिक चर्चेसबद्दल लिहिताना म्हटलंय की भिंतीतला ओबडधोबडपणा हा कामगाराच्या मोकळेपणाची खूण असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड सेनेट याचं 'द क्राफ्ट्समन' 2008 मध्ये आलं. त्याचा भर आहे काम कामासाठी नीट करण्याच्या ओढीवर. दोघेही मोठे लेखक, आम्हाला दोघांकडून शिकायला मिळालं. पण दोघांच्याही पानांवर रोजंदारीचा माणूस सकाळी सात वाजता ठिय्यावर उभा राहिलेला दिसत नाही. त्याची ओढ कुठे जाते? ज्याला आज कुठल्या साइटवर नेतील हे माहीत नाही, ज्यानं सकाळी लावलेली वीट संध्याकाळनंतर त्याला पुन्हा दिसणार नाही, त्यानं कामाशी नातं जोडायचं कसं? ओळंबा त्याच्या हातात आहे, भिंत त्याची नाही, साइट त्याची नाही, उद्याचा दिवसही त्याचा नाही. अशाही स्थितीत त्यातले कित्येक जण गुण्या लावून कोपरा तपासतात, याचंच खरं तर नवल करायला हवं.

आता कोणी म्हणेल कायदा आहे की. आहे. बांधकाम कामगारांचा कायदा 1996 मध्ये झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो कामगारांच्या कल्याणासाठी वापरायचा, अशी व्यवस्था. चांगली व्यवस्था. त्या कायद्याखाली नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला ठेवला गेला. आता ठिय्यावरच्या माणसानं वर्षभरात तीस ठेकेदारांकडे तीन-तीन दिवस केले असतील, तर त्यानं कोणाच्या सहीसाठी फिरायचं? ग्रामसेवकाच्या, महापालिकेच्या दाखल्याची वाट काढली गेली, तिथेही रांगा आणि दलाल. ज्याच्या हातात काम देणं असतं त्याच्याच हातात काम केल्याचा पुरावाही असतो. अशा माणसानं त्याच ठेकेदाराला 'बल्ल्या हलतात' असं कसं सांगायचं?

आणि न सांगितल्याची किंमत काही काल्पनिक नाही. 2013 च्या एप्रिलमध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असतानाच इमारत कोसळली, 74 माणसं गेली. आपल्या गावापासून सुरू होणाऱ्या समृद्धी महामार्गावर, 1 ऑगस्ट 2023 च्या मध्यरात्रीनंतर, शहापूरजवळ गर्डर बसवायचं यंत्र कोसळून 20 जण गेले. पहिल्या टप्प्याच्या उद्घाटनाची तारीख, 11 डिसेंबर 2022, तुम्हाला कुठेही सापडेल. या वीस जणांची नावं सापडायला जुनी वर्तमानपत्रं चाळावी लागतील. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उघडला आणि 26 ऑगस्ट 2024 ला पडला. नऊ महिनेसुद्धा नाहीत. या सगळ्यांत तांत्रिक कारणं वेगवेगळी आहेत, एका फडक्यात बांधता येणार नाहीत. आम्हाला एकच प्रश्न सगळीकडे विचारावासा वाटतो: त्या जागेवर 'थांबा' म्हणण्याचा अधिकार कोणाला होता, आणि तो म्हणाला असता तर त्याचं काय झालं असतं?

नेतृत्व या शब्दाला बांधकामात अर्थ असेल तर तो इथे आहे. साइटवर फेटा बांधून नारळ फोडणारा नेता नव्हे. थांबवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणारा तो नेता. इंजिनिअर असो, ठेकेदार असो, घरमालक असो. आम्ही त्या दिवशी घरमालक होतो आणि नापास झालो, हे सांगून टाकलेलं बरं.

आता दीक्षाभूमीकडे येऊ, कारण तिच्याशिवाय नागपुरात बांधकामावर बोलणं पुरं होत नाही. 14 ऑक्टोबर 1956 चा दिवस सांगायला नको. स्तूपाचं काम 1978 मध्ये सुरू झालं आणि 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झालं. तेवीस वर्षं. वास्तुकार शिवदान मल. घुमटाची उंची 120 फूट, व्यासही 120 फूट, आणि आतून पोकळ. धोलपूरचा दगड. हायकोर्टाच्या घुमटाखाली उभं राहिलं की माणूस लहान होतो. ते तिथलं कामच आहे, न्यायासमोर लहान वाटावं. दीक्षाभूमीच्या घुमटाखाली मात्र माणूस शेजारच्या माणसांकडे बघतो. मधली जागा गर्दीची होते. वास्तू म्हणून आम्हाला दुसरी जास्त धाडसी वाटते, आणि हे मत आहे, तुम्ही भांडू शकता.

हा स्तूप सांचीवरून घेतलेला आहे हे आपण सगळे सांगतो. सांचीचा आकार घेतला. सांचीतली आणखी एक गोष्ट घ्यायची राहिली असं आम्हाला वाटतं. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचा लेख आहे, कोरीवकाम आम्ही केलं असं सांगणारा. त्याच तोरणावर आनंद नावाच्या माणसाचा लेख आहे: वासिष्ठीचा मुलगा, राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख. प्रमुख म्हणजे आपल्या भाषेत मुकादम! सातवाहनांचा मुकादम, म्हणजे जवळजवळ आपलाच माणूस, स्तूपाच्या दारावर नावानिशी. आजूबाजूला दान देणाऱ्या शेकडो सामान्यांची नावं, त्यात बायकांचीही. आमच्या वाचनात दीक्षाभूमीची जी माहिती येते, तिच्यात वास्तुकाराच्या पुढे कोणी येत नाही. धोलपूरचा दगड घडवणारे हात कोणाचे, तो 120 फुटांच्या गोलाईवर बसवणारे कोण? तेवीस वर्षांत एखादा पोऱ्या म्हणून आला असेल आणि मिस्त्री म्हणून बाहेर पडला असेल. ती माणसं अजून असतील, याच शहरात असतील, साठीच्या पुढे. त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवण्याचं काम विद्यापीठाच्या एखाद्या विभागानं हाती घ्यावं. दहा वर्षांनी ते करता येणार नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि सरकारी बांधकामं त्याच खात्याखाली होती. त्यांच्या स्मारकावर मजुराचं नाव असणं हे उपकार म्हणून सांगायची गोष्ट नव्हे.

शिकण्याबद्दल एक सांगून थांबतो. आयटीआयमध्ये गवंड्याचा ट्रेड आहे, पण ठिय्यावर आयटीआयचा गवंडी आम्हाला क्वचितच भेटला. मुलं हे काम बघूनच शिकतात. बघून शिकण्यात वाईट काही नाही, बलकही तसाच शिकला असेल. फरक असा की त्याला कण्ह होता, वर्षानुवर्षं तोच. आजच्या पोराला आठवड्याला नवा मिस्त्री. त्याला 'कर' सांगणारे पुष्कळ, 'का' सांगणारा कोणी नाही. स्लॅबला पाणी मारायचं एवढं त्याला माहीत असतं. किती दिवस? भारतीय मानक 456 सांगतं, साध्या सिमेंटला निदान सात दिवस, मिश्र सिमेंटला निदान दहा, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. मे महिन्यातलं नागपूर डोळ्यांपुढे आणा. आणि पाणी मारतं कोण? साइटवर झोपडी टाकून राहणाऱ्या चौकीदाराची बायको. त्या स्लॅबची ताकद त्या बाईच्या हातातल्या पाइपवर ठरते, आणि हजेरीच्या वहीत ती बहुधा नसते.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यातला एक प्रश्न आणि उत्तर इथे देत आहोत.)

प्रश्न असा आला की, तुम्ही तासभर मिस्त्री, गवंडी, सुतार यांच्याबद्दल बोललात. साइटवर निम्म्या तर रेजा असतात. रेजेची मिस्त्री का होत नाही?

ताई, प्रश्न बरोबर आहे आणि आमच्या बोलण्यातली ती उणीवच आहे. बाई साइटवर पंधराव्या वर्षी घमेलं उचलायला लागते आणि पंचावन्नाव्या वर्षीही घमेलंच उचलत असते. तिचा नवरा त्याच काळात मजुराचा मिस्त्री होतो. थापी तिच्या हातात कोणी देत नाही, कारण थापी आली की मजुरी वाढते, आणि भिंतीपाशी उभं राहून सांगण्याचा हक्कही येतो. ती करू शकत नाही, असं मुळीच नाही. झारखंडमध्ये स्वच्छता मोहिमेत शौचालयं बांधायला पुरुष गवंडी मिळेनात तेव्हा बायकांना शिकवलं, आणि 'राणी मिस्त्री' म्हणून त्या बांधायला लागल्या. गरज पडली तेव्हा शिकवलं. आपल्याकडे अजून गरज पडलेली दिसत नाही.

आणि तुम्ही विचारलंत म्हणून एक सुटलेली गोष्ट सांगतो. आमच्या त्या मिस्त्रीची बायको त्याच साइटवर कामाला होती. खांबांना पाणी मारायचं काम तिच्याकडे. बल्ल्यांच्या बुडाशी पाणी साचतंय आणि माती दबतेय हे आदल्या दिवशी तिनं पाहिलं होतं आणि घरी जाऊन त्याला सांगितलं होतं, म्हणून तो सकाळी आधी आत शिरला. हे त्यानं चहा पिताना सांगितलं होतं. आम्ही ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली, पण एवढा भाग दर वेळी गाळत आलो.

आयोजक वेळ झाल्याची खूण करताहेत. राहिलेले प्रश्न लिहून द्या, पुढच्या व्याख्यानाच्या आधी त्यांची उत्तरं घेऊ. आणि हायकोर्टाच्या किंवा दीक्षाभूमीच्या कामावर कोणाच्या घरातलं माणूस होतं असं कोणाला माहीत असेल, तर कृपया दाराशी ठेवलेल्या वहीत त्या माणसाचं नाव आणि काय काम केलं तेवढं लिहून जा.